एअर असिस्टसाठी कॉम्प्रेसर: आधी नोझल बघा, टाकी नंतर

छंद म्हणून घेतलेल्या लेझर कटरवर तीन मिलिमीटरचं प्लायवूड एका फेरीत सुटत नाही, कडा कोळशासारख्या काळ्या येतात, मधूनच पिवळी ज्योत उठते. असं झालं की बहुतेक जण जास्त वॉटची लेझर शोधायला लागतात. त्याआधी नोझलमधून, म्हणजे लेन्सखालच्या निमुळत्या तोंडातून, कापण्याच्या जागी येणारी हवा (हाच एअर असिस्ट) तपासून बघा. त्याच लेझरवर, त्याच सेटिंगला, नुसती हवा नीट केली की कापण्यात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

हवा नीट करायची म्हणजे कॉम्प्रेसर आला, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की सर्वांत ठळक अक्षरांत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: टाकी किती लिटरची आणि दाब किती बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक). एअर असिस्टसाठी हे दोन्ही आकडे दुय्यम आहेत. आपल्या नोझलला मिनिटाला किती लिटर हवा लागते आणि तेवढी हवा हे यंत्र तासन्‌तास देऊ शकेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निवड जवळपास झालीच म्हणून समजा.

हवेकडून आपल्याला काय हवंय

लेझरचा किरण लाकडावर पडतो तेव्हा धूर, राळ आणि बारीक काजळी वर उडते. हा धूर किरणाच्या वाटेत आला की किरणाची काही ऊर्जा तिथेच खर्ची पडते आणि खाली कमी पोचते. नोझलमधली हवा ही वाट मोकळी ठेवते. दुसरं काम, कापताना पडणाऱ्या बारीक चिरेतून जळका माल खाली ढकलायचा, म्हणजे पुढचा किरण ताज्या लाकडावर पडतो. तिसरं, लेन्स स्वच्छ ठेवायची. नोझलमधून हवा सतत बाहेर पडत असली की धूर आत शिरत नाही. आणि चौथं, ज्योत उठू द्यायची नाही. फुंकणीने निखारा फुलतो आणि फुंकर मारली की दिवा विझतो. इथे आपल्याला दिवा विझवणारी फुंकर हवी असते. म्हणूनच हवा कमी पडली तर परिस्थिती विचित्र होते. ज्योतीला प्राणवायू मिळतो, पण ती विझण्याइतका जोर हवेत नसतो.

लेन्सबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सीओटू लेझरच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीत किरण तयार करणाऱ्या) लेन्स बहुधा झिंक सेलेनाइडच्या असतात. त्यावर काजळी किंवा तेलाचा थर बसला की तो थर किरणाची उष्णता शोषतो, लेन्स असमान तापते आणि शेवटी तडकते. तडकलेल्या लेन्सचे तुकडे उघड्या हातांनी उचलू नयेत, तिची पूड विषारी असते. डायोड लेझरमध्ये (यात किरण छोट्या इलेक्ट्रॉनिक चिपमधून येतो) पुढे साधी संरक्षक काच असते, ती बदलणं त्या मानाने सोपं. पण काच धुरकटली की ताकद तिथेही घटतेच.

नोझलचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. हवा किती लागेल हे नोझलच्या भोकावर ठरतं, आणि भोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. एक बार दाबाला (गेजवर दिसतो तो) एक मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण १५ लिटर हवा जाते. दोन मिलिमीटरला ६० लिटर. तीनला १४० च्या आसपास. चारला जवळपास अडीचशे. नोझलच्या आकारानुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण अंदाजासाठी पुरेसे आहेत. चायना बनावटीच्या साध्या लेझरचं चार मिलिमीटरचं नोझल कुणी एक बारवर चालवायला बघत असेल, तर त्याला घरगुती कॉम्प्रेसर पुरणारच नाही, टाकी कितीही मोठी असो.

दाब वाढवून काय मिळतं? गेजवर साधारण ०.९ बारच्या वर गेलं की साध्या, निमुळत्या नोझलच्या तोंडाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि तिथे त्यापुढे वाढत नाही. आणखी दाब दिला तर हवा जास्त दाट होते, झोत जास्त जड होतो, आणि खप मात्र सरळ वाढत जातो. दोन मिलिमीटरच्या नोझलला दोन बार दिले तर मिनिटाला ९० लिटरच्या पुढे हवा लागेल. म्हणून जाहिरातीतल्या ‘८ बार’चा आपल्याला थेट उपयोग काहीच नाही. छंदाच्या लेझरला नोझलपाशी अर्धा ते दोन बार पुष्कळ होतात.

त्यापेक्षा स्वस्त सुधारणा म्हणजे नोझल बारीक करणं आणि ते मालाच्या जवळ आणणं. नोझलमधून निघालेला झोत आपला पूर्ण जोर भोकाच्या व्यासाच्या साधारण पाचपट अंतरापर्यंतच टिकवून धरतो, पुढे आजूबाजूची हवा त्यात मिसळत जाते आणि तो विखुरतो. दोन मिलिमीटरच्या भोकासाठी हे अंतर एक सेंटिमीटरच्या आसपास येतं. नोझल मालापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर असेल तर निम्मी मेहनत वाया जातेय. मात्र बारीक करायलाही मर्यादा आहे. किरण लेन्समधून शंकूसारखा निमुळता होत खाली येतो. नोझलचं भोक त्या शंकूपेक्षा लहान झालं किंवा मध्यावर नसलं, तर किरण भोकाच्या कडेला घासतो. ताकद घटते आणि नोझल तापायला लागतं. नोझल बदललं की तोंडावर कागदी टेप चिकटवून कमी ताकदीचा एक टिपका मारून बघा. डाग बरोबर मध्यावर आणि गोल आला पाहिजे.

चार जातींची यंत्रं

पहिली जात म्हणजे डायाफ्रामचे, म्हणजे रबरी पडदा हलवून हवा ढकलणारे, छोटे पंप. डायोड लेझरबरोबर मिळतात ते बहुधा हेच, मिनिटाला १० ते ३० लिटर देणारे. बारीक नोझल आणि कमी ताकदीच्या लेझरला ते खरंच पुरतात. डायोडवाल्यांनी मोठ्या कॉम्प्रेसरच्या मागे लागण्याआधी हा पंप वापरून बघावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी, विजेच्या चुंबकाने पिस्टन मागेपुढे हलवणारे पंप. मत्स्यपालनात वापरतात, सीओटू लेझरच्या खोक्यातही येतात. प्रवाह भरपूर, दाब अगदी थोडा, साधारण ०.३ ते ०.४ बार. टाकी नाही, तेल नाही, दिवसभर चालले तरी तक्रार नाही. मात्र पॅकिंगवर लिहिलेला प्रवाह हा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. दोन मिलिमीटरच्या नोझलमधून ०.३ बारला मिनिटाला साधारण ३५ लिटरच बाहेर पडतात, मग पंपावर काहीही लिहिलेलं असो. त्यामुळे या पंपाला थोडं मोठं नोझल आणि जाड नळी लागते. कोरीव काम, कागद, पातळ प्लायवूड, ॲक्रिलिक याला हे पंप चांगले. सहा मिलिमीटरचं एमडीएफ रोज कापायचं असेल तर दम कमी पडतो.

तिसरी जात एअरब्रशच्या छोट्या कॉम्प्रेसरची. दिसायला आटोपशीर, आवाज कमी, दाबही चांगला. पण हवा मिनिटाला २० ते २५ लिटर, आणि बनवलेले असतात थांबत थांबत चालण्यासाठी. लेझरवर लावले की बंद व्हायची संधीच मिळत नाही आणि तापून बसतात. यांच्या वाटेला जाऊ नये.

चौथी म्हणजे टाकीवाले पिस्टन कॉम्प्रेसर. यात तेलाचे आणि बिनतेलाचे असे दोन पंथ आहेत, आणि बिनतेलाच्यातही दोन तऱ्हा. स्वस्तातल्या जलद मोटरच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारी बसून बोलता येत नाही. दुसरी तऱ्हा सावकाश फिरणाऱ्या, दोन डोक्यांच्या ‘सायलेंट’ कॉम्प्रेसरची, तसेच दातांच्या दवाखान्यातही दिसतात. जाड माल नियमित कापणाऱ्याने याच शेवटच्या तऱ्हेकडे बघावं.

टाकीचा भ्रम आणि लेबलावरचा आकडा

टाकी मोठी म्हणजे हवा जास्त, हा समज पक्का बसलेला आहे. एकदा गुणाकार करून बघू. २४ लिटरच्या टाकीतला दाब आठ बारवरून सहावर येईपर्यंत बाहेर पडणारी हवा म्हणजे २४ गुणिले २, एकूण ४८ लिटर. नोझल मिनिटाला ६० लिटर खातंय, म्हणजे ही शिल्लक पाऊण मिनिटात संपली. ५० लिटरची टाकी घेतली तर शंभर सेकंद. कापायचं काम तासभर चालणार असेल तर या शंभर सेकंदांनी काही होत नाही. टाकीमुळे मोटरला मधूनमधून विश्रांती मिळते आणि दाबातला थरथराट जातो, एवढाच तिचा उपयोग. हवा पुरवायची ती पंपानेच.

आणि पंप किती पुरवतो, हे लेबलावरून सरळ कळत नाही. पुष्कळ लेबलांवर लिहिलेला प्रवाह म्हणजे पिस्टनने ओढलेलं आकारमान असतं. प्रत्यक्षात टाकीत दाबाखाली पोचते ती हवा लहान यंत्रांत त्याच्या साधारण दोनतृतीयांश, कधी त्याहून कमी. ‘फ्री एअर डिलिव्हरी’ किंवा एफएडी असं लिहिलेला आकडा शोधा आणि तो किती बारला मोजलाय तेही बघा. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर २८ ने गुणा, मिनिटाला लिटर मिळतील. काहीच लिहिलेलं नसेल तर मोटरवरून अंदाज बांधता येतो: एका अश्वशक्तीमागे मिनिटाला ८५ ते ११० लिटर खरी हवा, त्यापेक्षा फार मोठा दावा असेल तर विश्वास ठेवू नये.

यातलं खरं-खोटं घरी तपासता येतं, आणि सेकंडहँड यंत्र घेताना तर तपासलंच पाहिजे. टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा, कॉम्प्रेसर चालू करा आणि गेजचा काटा दोन बारवरून सहा बारवर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. समजा २४ लिटरची टाकी आहे आणि ८० सेकंद लागले. भरलेली हवा २४ गुणिले ४, म्हणजे ९६ लिटर, ८० सेकंदांत. म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. आता उलटं करा: टाकी भरली की कॉम्प्रेसरची वीज बंद करा, रेग्युलेटर (दाब कमी करून एका पातळीवर ठेवणारा व्हॉल्व्ह) हव्या त्या दाबावर ठेवून लेझरचं नोझल सोडा आणि टाकी सातवरून पाचवर यायला लागणारा वेळ मोजा. ४८ लिटर ४८ सेकंदांत गेले तर तुमचं नोझल मिनिटाला ६० लिटर खातंय. या दोन आकड्यांपुढे कुठल्याही माहितीपत्रकाची गरज उरत नाही.

वरच्या उदाहरणातला कॉम्प्रेसर चालेल का? ६० लागतात, ७२ मिळतात, वरवर पुरेसं वाटतं. पण हिशेब असा आहे की त्याला तासातली पन्नास मिनिटं चालावं लागेल. छोटे पिस्टन कॉम्प्रेसर बहुधा निम्मा वेळ काम, निम्मा वेळ विश्रांती अशा बेताने बनवलेले असतात. याला ड्यूटी सायकल म्हणतात आणि ती माहितीपत्रकात शोधून वाचावी. ५० टक्के लिहिलं असेल तर गरजेच्या दुप्पट हवा देणारं यंत्र घ्यायचं, म्हणजे ६० लिटरसाठी १२० लिटर खरी एफएडी, साधारण सव्वा ते दीड अश्वशक्ती. इथे कंजूषी केली की सील, रीड व्हॉल्व्ह आणि शेवटी मोटर असं एकेक जात राहतं. उलट बाजूही सांगायला हवी. हवा आठ बारपर्यंत दाबायची आणि मग रेग्युलेटरने दीड बारवर आणून सोडायची, यात वीज चांगलीच वाया जाते. ज्याचं काम ०.४ बारमध्ये भागतं त्याने कमी दाबाचा पंपच घ्यावा, त्याला विजेचा खर्च कितीतरी कमी येतो.

पाणी आणि तेल

हवेत बाष्प असतंच. हवा दाबली की तिची बाष्प धरायची जागा कमी होते, आणि ती थंड झाली की जादाचं पाणी बाहेर पडतं. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण २१ ग्रॅम पाणी असतं. सात बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आणलं की त्यातले जेमतेम चार ग्रॅम बाष्परूपात टिकतात, बाकी सुटतं. मिनिटाला ६० लिटरच्या हिशेबाने तासाला ६० मिलिलिटरच्या आसपास पाणी! काही टाकीत साचतं, काही नळीतून पुढे जाऊन थेट लेन्सवर आणि मालावर उडतं. म्हणून टाकीखालचा ड्रेन कॉक काम संपल्यावर रोज उघडायचा. टाकी आतून गंजत गेली की ती धोकादायक होते, ही बाब टाळाटाळ करण्यासारखी नाही. कमी दाबाच्या पंपांना मात्र ही कटकट जवळपास नसतेच. ०.३ बारला तीच हवा ९१ टक्क्यांपर्यंतच जाते, पाणी सुटत नाही.

वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं काढणारा) कुठे बसवायचा यावरही बरंच अवलंबून आहे. कॉम्प्रेसरच्या अगदी तोंडाशी बसवला तर हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात सेपरेटर ओलांडून जातं आणि पुढे नळीत थंड होऊन सुटतं. काही मीटर नळी मध्ये जाऊ द्या, हवा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग सेपरेटर आणि त्याच्या पुढे रेग्युलेटर. हा क्रम उलटा करू नका. सात बारला पाणी काढून घेतलेली हवा दीड बारवर उतरवली की तिची आर्द्रता आपोआप ३० टक्क्यांच्या आसपास येते, नंतर पाणी सुटायचा प्रश्नच राहत नाही. सेपरेटर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला संच घेतला तर आतला क्रम बरोबरच असतो.

तेलाच्या कॉम्प्रेसरमधून बारीक तेलकट धुकं हवेबरोबर येतं. साधा पाच मायक्रॉनचा फिल्टर पाणी आणि धूळ अडवतो, तेलाचं धुकं अडवत नाही. त्यासाठी ०.०१ मायक्रॉनचा कोअलेसिंग फिल्टर (तेलाचे सूक्ष्म थेंब एकत्र करून अडवणारा) लागतो आणि त्याची पुंगळी वेळच्या वेळी बदलावी लागते. घरात तेलाचा कॉम्प्रेसर आधीच असेल तर एवढा खर्च करून तो वापरावा. नवा घेणाऱ्याने बिनतेलाचाच घ्यावा, यात मला दुमत दिसत नाही. कॉम्प्रेसर हवा जिथून ओढतो ती जागाही धुरापासून लांब हवी, नाहीतर बाहेर काढलेली काजळी फिरून लेन्सकडेच यायची.

नळी, व्हॉल्व्ह आणि हवेची मात्रा

नळीच्या बाबतीत थोडक्यात: आतला व्यास महत्त्वाचा. चार मिलिमीटरची नळी म्हणून जी मिळते तिचं आतलं भोक अडीच मिलिमीटरचंच असतं, आणि लांब अंतरावर ती कमी दाबाच्या पंपाचा सगळा जीव काढून घेते. आठ मिलिमीटरची नळी लेझरपर्यंत आणावी आणि हलत्या डोक्यापाशीच बारीक करावी. घरगुती पाण्याचा पीव्हीसी पाइप दाबाच्या हवेला कधीही वापरू नये, तो फुटला की धारदार तुकडे उडतात.

सगळ्या कामांना सारखी हवा लागत नाही. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ कापताना जोरात. कोरताना अगदी हलकी, नाहीतर धूर लाकडाच्या रेषांमध्ये दाबला जाऊन कडेने पिवळट डाग पडतात. ॲक्रिलिक कापताना जोराची हवा दिली तर कड दुधाळ, खरखरीत येते. हवा मंद ठेवली तर कड काचेसारखी चकाकते. पण ॲक्रिलिकची वाफ झटकन पेट घेते, म्हणून तिथून नजर हटवायची नाही. आणि हवा पूर्ण बंद तर कुठल्याच कामात ठेवू नये, लेन्ससाठी झुळूक तरी हवीच.

हा बदल हाताने करायचा कंटाळा येतो. त्यासाठी विजेने उघडबंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावतात आणि त्याला समांतर, प्रवाह बारीक ठेवता येणारा एक नीडल व्हॉल्व्ह. सोलेनॉइड बंद असताना नीडल व्हॉल्व्हमधून झुळूक जात राहते, उघडला की पूर्ण जोर. लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेयरला एअर असिस्ट वेगळा चालू-बंद करता येतो. लेझरमध्ये जीआरबीएल नावाच्या प्रणालीवर चालणारा कंट्रोलर असेल तर एम-८ या आज्ञेने हवा सुरू आणि एम-९ ने बंद. टाकी नसलेल्या पंपाला मात्र पुढे व्हॉल्व्ह लावून तोंड बंद करू नका. हवेला जायला वाट नसली की पंप तापतो, डायाफ्राम फाटतो. तिथे रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून पंपाची वीजच चालू-बंद करायची.

योग्य दाब शोधताना अर्ध्या बारपासून सुरुवात करा, नेहमीच्या मालाचा तोच चौकोनी तुकडा पाव-पाव बार वाढवत कापत जा. एका टप्प्यानंतर कड सुधारायची थांबते. तो दाब रेग्युलेटरवर खुणेने नोंदवा, त्याच्या पुढची हवा फुकट.

शेवटची जोडणी बहुतेक जण करत नाहीत आणि ती सर्वांत स्वस्त आहे. काम चालू असताना कॉम्प्रेसर बंद पडला, नळी निसटली किंवा मोटरचा ओव्हरलोड उडाला तर लेझरला ते कळत नाही. किरण चालूच राहतो आणि ज्योतीला आवर घालणारी हवा नसते. रेग्युलेटरच्या पुढे, सोलेनॉइडच्या आधी एक छोटा प्रेशर स्विच बसवा आणि झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडलं की लेझर बंद करणारा स्विच) ज्या तारांवर आहे त्याच साखळीत तो एकसर जोडा. कामाचा दाब एक बार असेल तर स्विच अर्ध्या बारवर लावा. दाब त्याखाली गेला की लेझर आपोआप बंद होईल. बसवून झाल्यावर कमी ताकदीचं एखादं काम चालू ठेवून कॉम्प्रेसरच्या बाजूचा कॉक मुद्दाम बंद करा आणि किरण खरंच थांबतो का ते बघा.